यानांच्या तारखा पेन्सिलीनेच का लिहाव्यात

साताऱ्याकडच्या एका विज्ञानशिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या वर्गाच्या भिंतीवर येत्या काही महिन्यांत अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या यानांचा तक्ता लावतात. तारखा इतक्या बदलतात की तक्त्यावर खाडाखोडच जास्त. मुलं विचारतात, एसटीचं वेळापत्रक असतं तर यानाचं का नाही? एका यानाला पोहोचायला 3 तास आणि दुसऱ्याला 28 तास, असं का? आणि आमच्या गच्चीवरून यातलं काही दिसेल का?

बाई, तक्ता काढू नका. खाडाखोड हाच त्यातला शिकवण्यासारखा भाग आहे. आधी एक कबुली देतो. मी माणसं नेणाऱ्या यानांवर काम केलेलं नाही. माझी नोकरी उपग्रहांच्या कक्षांचे हिशोब मांडण्यात गेली. पण कक्षेचं गणित आत माणूस आहे की कॅमेरा आहे हे विचारत नाही, त्यामुळे बहुतेक प्रश्नांना उत्तर देता येईल.

मुलांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. शुभांशू शुक्ला ज्या ॲक्सिअम-4 मोहिमेतून गेले, तिच्या जाहीर झालेल्या प्रक्षेपणाच्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे अशा होत्या. 29 मे 2025, रात्री 10:33. मग 8 जून, संध्याकाळी 6:41. मग 10 जून, 5:52. मग 11 जून, 5:30. नंतर 22 जून, दुपारी 1:12. आणि खरं उड्डाण 25 जूनला दुपारी 12:01 वाजता. तारखा पुढे गेल्या हे सगळ्यांनी पाहिलं, बातम्याही त्याच्याच झाल्या. पण वेळेकडे बघा. तारीख पुढे जाते आणि वेळ मागे येते. 27 दिवसांत वेळ 10 तास 32 मिनिटांनी मागे आली. मुलांना भागाकार करायला सांगा, दिवसाला साधारण 23 ते 24 मिनिटं येतील. मधल्या कुठल्याही दोन तारखा घेतल्या तरी उत्तर त्याच्याच आसपास येतं. हे कुणी ठरवलेलं नाही, हा निसर्गाचा हप्ता आहे.

तो असा बसतो. आंतरराष्ट्रीय स्थानक सुमारे 400 ते 420 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी 51.6 अंशाचा कोन करून फिरतं. त्याच्या फेरीचं वर्तुळ म्हणजे एक भलीमोठी तिरकी थाळी समजा. पृथ्वी त्या थाळीत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे फ्लोरिडाचा प्रक्षेपणतळ दिवसातून दोनदा थाळीच्या कडेखालून जातो. त्यातली ईशान्येकडे उडता येणारी वेळच वापरतात. आग्नेयेकडे उडायचं तर वाटेत वस्ती येते. थाळी ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर असती तरी ही वेळ रोज 4 मिनिटांनी अलीकडे आली असती, कारण पृथ्वीची ताऱ्यांसापेक्ष एक फेरी 24 तासांपेक्षा तेवढी कमी असते. पण थाळीही स्थिर नाही. पृथ्वी पोटाशी थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याच्या ओढीने थाळी रोज सुमारे 5 अंश पश्चिमेकडे सरकते, आणि पृथ्वीला 5 अंश फिरायला 20 मिनिटं लागतात. चार आणि वीस, चोवीस. ही संख्या पहिल्यांदा कागदावर स्वतः काढली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. आठवी-नववीची मुलंही ती काढू शकतील.

आता पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर काय बिघडतं? एसटी दहा मिनिटं उशिरा सुटली तर दहा मिनिटं उशिरा पोहोचते. यानाचं तसं नाही. चार मिनिटांत पृथ्वी 1 अंश फिरते, म्हणजे यान थाळीच्या बाजूला जवळपास तेवढंच चुकतं. कक्षेत पोहोचल्यावर आपली थाळी 1 अंश वळवायची तर सेकंदाला सुमारे 130 मीटर एवढा वेग खर्च करावा लागतो. हा आकडा किती मोठा आहे? रशियाच्या सोयूझ यानाला स्थानकाजवळच्या कक्षेतून थेट घरी उतरायला साधारण तेवढाच वेग कमी करावा लागतो. थोडक्यात, चार मिनिटांचा उशीर यानाच्या टाकीतून भरून काढायचा तर परतीचं इंधन जाळावं लागेल. रॉकेट चढताना थोडं वळवून काही सेकंदांची चूक सावरता येते, त्याच्यापुढे नाही. म्हणून या मोहिमांना खिडकी, म्हणजे उडता येईल असा मोकळा काळ, अशी नसतेच, असतो तो एक क्षण. ढग आले, बोट धोक्याच्या क्षेत्रात शिरली, एखादा सेन्सर वेडावला, की उद्या, आणि उद्या 23-24 मिनिटं आधी.

ॲक्सिअम-4 ची तारीख का सरकत गेली त्यात मात्र निसर्गाबरोबर माणसांचाही भाग होता. आधी हवामान. मग फाल्कन रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती दुरुस्त होते तोवर स्थानकाच्या रशियन बाजूला, झ्वेझ्दा मॉड्यूलच्या मागच्या बोगद्यात, जुन्या हवागळतीचं वागणं बदललेलं दिसलं. ते नीट समजल्याशिवाय नवीन पाहुणे नकोत, असं ठरलं. तक्त्यावर तुम्ही फक्त नवी तारीख लिहिलीत, पण तिच्यामागे रॉकेट, हवा आणि पंचवीस वर्षांचं जुनं घर अशा तीन वेगळ्या गोष्टी होत्या. मुलांना तारखेशेजारी कारणाचा एक रकाना आखून द्या. वर्षाअखेरीस तो रकाना तारखांपेक्षा जास्त बोलेल.

दुसरा प्रश्न, 3 तास आणि 28 तास. ॲक्सिअम-4 ला 28 तास लागले, 26 जूनला दुपारी 4:01 वाजता ते जोडलं गेलं. पण त्याच जातीचं, स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान नासाच्या क्रू-11 तुकडीला घेऊन 1 ऑगस्ट 2025 ला निघून 15 तासांच्या आत पोहोचलं. म्हणजे फरक यानाच्या ताकदीचा नाही. योग्य क्षणी सुटल्यावर यान स्थानकाच्या थाळीत येतं, पण त्या वर्तुळावर स्थानक नेमकं कुठे आहे हे त्या दिवसाच्या नशिबावर असतं. ते जवळ पुढे असेल, नाहीतर पृथ्वीच्या पार पलीकडे असेल.

गाठायचं कसं? खालच्या कक्षेतून. मैदानावरच्या शर्यतीत आतल्या लेनमधल्याला कमी अंतर पडतं तसं, आणि वर खालच्या कक्षेत वेगही थोडा जास्त. स्थानकाला एका फेरीला सुमारे 93 मिनिटं लागतात, 200 किलोमीटरवर ती फेरी साधारण साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांत होते. हिशोब केला तर खालचं यान प्रत्येक फेरीत स्थानकावर सुमारे 17 अंश कमावतं. स्थानक बरोबर पलीकडे, 180 अंशांवर असेल तर दहा-अकरा फेऱ्या, म्हणजे सोळाएक तास. यान टप्प्याटप्प्याने वर चढतं तशी ही कमाई कमी होत जाते, म्हणून खरा वेळ वाढतो. त्यात आत बसलेल्यांची झोप, स्थानकावरच्यांची झोप आणि जोडणीच्या वेळी जमिनीशी संपर्क असणं, हे सगळं बसवावं लागतं.

सोयूझचे 3 तास ही जादू नाही, ती आधीची तयारी आहे. 2013 पर्यंत सोयूझमधली माणसं दोन दिवस त्या चिंचोळ्या डब्यात गुडघे पोटाशी घेऊन बसत. मार्च 2013 मध्ये माणसांसह पहिल्यांदा सहा तासांत प्रवास झाला, ऑक्टोबर 2020 मध्ये सोयूझ एमएस-17 सुमारे तीन तासांत पोहोचलं. त्यासाठी प्रक्षेपणाच्या आधीच स्थानकाची उंची किंचित बदलत आणतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला स्थानक हवं तिथे असतं. पाहुणा लवकर पोहोचावा म्हणून यजमानाने घरच थोडं सरकवायचं, असा हा प्रकार. चिनी शेन्झोऊ-21 ही ऑक्टोबर 2025 च्या शेवटच्या दिवशी निघून साडेतीन तासांतच तिआनगाँगला, म्हणजे चीनच्या स्थानकाला, लागलं. ड्रॅगनमध्ये जागा आणि शौचालय बऱ्यापैकी आहे, त्यामुळे एक रात्र काढायला कुणाची फारशी तक्रार नसते. माझं मत विचाराल तर 28 तासांना "उशीर" म्हणणाऱ्या बातम्यांकडे दुर्लक्ष करा.

शेवटचे 400 मीटर मात्र मुलांना जरूर दाखवा. ड्रॅगन स्थानकापासून सुमारे 400 मीटरवर थांबतं, मग 220 मीटरवर, मग 20 मीटरवर. पुढे जायचं की नाही हे तिथे विचारलं जातं. स्थानक 400 टनांच्या वर, यान बारा-तेरा टन. दोन्ही सेकंदाला साडेसात किलोमीटरने धावत असताना एकमेकांना स्पर्श होतो तो सेकंदाला काही सेंटिमीटर वेगाने. त्यानंतर दोघांचे हुक एकमेकांत अडकतात, हवागळती तपासतात, आणि दार उघडायला आणखी दीड-दोन तास जातात. आपल्याकडे स्पेडेक्सच्या, म्हणजे इस्रोच्या दोन उपग्रह अवकाशात जोडण्याच्या प्रयोगाच्या वेळी लोक वैतागले होते ते आठवतं का? जोडणी 7 जानेवारी 2025 ला होणार होती, मग 9 ला, दोन्ही पुढे ढकलल्या. 12 तारखेला दोन्ही उपग्रह 3 मीटरवर आणून परत लांब नेले. जोडणी झाली ती 16 ला. बाहेरून ते अपयशासारखं दिसत होतं. या धंद्यातल्या माणसाला मात्र 3 मीटरवरून मागे घेता येणं हीच खरी परीक्षा वाटली होती.

आता तुमच्या तक्त्याचं खरं दुखणं, एका तारखेमुळे पुढच्या सगळ्या तारखा का हलतात. स्थानकाच्या अमेरिकन बाजूला ड्रॅगन किंवा बोइंगचं स्टारलायनर यान लागेल अशा दोनच जागा आहेत, दोन्ही हार्मनी मॉड्यूलवर. एक पुढच्या तोंडाला, एक वरच्या. मालवाहू ड्रॅगनही तिथेच येतं. फलाट दोन, गाड्या जास्त. एक गाडी हलली नाही की पुढची आउटरला.

2024 सालचं रामायण याच फलाटांवर घडलं. स्टारलायनर 5 जूनला निघालं, 6 ला जोडलं गेलं, मुक्काम आठेक दिवसांचा होता. वाटेत हेलियमची गळती आणि 28 पैकी 5 थ्रस्टर (यान वळवायची छोटी इंजिनं) बंद पडणं असं निघालं, नंतर त्यातले चार पुन्हा चालू झाले. यान भरवशाचं आहे का याचा खल उन्हाळाभर चालला, आणि तोवर ते पुढचा फलाट अडवून उभं. म्हणून ऑगस्टमध्ये निघायचं क्रू-9 सप्टेंबरवर गेलं. 6 सप्टेंबरला स्टारलायनर रिकामं सुटलं आणि न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला वाळवंटात व्यवस्थित उतरलं. मधल्या काळात आणीबाणी आली असती तर स्टारलायनरने गेलेले बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यांना क्रू-8 च्या ड्रॅगनमध्ये सामानाच्या जागी फोमवर बांधून आणायची सोय केली होती. क्रू-9 मग 28 सप्टेंबरला चारऐवजी दोनच माणसं घेऊन गेलं, दोन आसनं या दोघांसाठी रिकामी ठेवून. आता हे यान परतणार कधी? तर पुढची तुकडी येऊन कामं समजून घेईल तेव्हा. क्रू-10 14 मार्च 2025 ला निघालं आणि 18 मार्चला हे चौघे उतरले. आठ दिवसांचे 286 दिवस झाले. "अडकले", "सोडवलं" असे मथळे आले, पण आधी ठरलेली फेब्रुवारीची तारीख घ्या की मार्चची, ती या साखळीच्या एका-एका कडीला टांगलेली होती.

साखळीचा पहिला नियम असा, की वर जितकी माणसं तितकी परतीची आसनं वर हवीत, आणि तीही चालू स्थितीतली. डिसेंबर 2022 मध्ये सोयूझ एमएस-22 चं शीतकरणाचं द्रव बाहेर फवारलं गेलं. मग फेब्रुवारी 2023 मध्ये एमएस-23 रिकामं पाठवलं, आणि फ्रँक रुबिओ यांचा सहा महिन्यांचा मुक्काम 371 दिवसांवर गेला. चीनने नोव्हेंबर 2025 मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने अनुभवलं. शेन्झोऊ-20 च्या खिडकीला बारीक तडे दिसले, अवकाशातल्या कचऱ्याचा तुकडा लागला असावा असा निष्कर्ष निघाला. 5 नोव्हेंबरची परतीची तारीख रद्द. जुनी तुकडी 14 नोव्हेंबरला नव्या तुकडीच्या यानातून उतरली, आणि नवे तिघे 25 नोव्हेंबरला शेन्झोऊ-22 रिकामं येईपर्यंत धड परतीच्या यानाविना राहिले. ते अकरा दिवस मला स्वतःला फार लांब वाटले.

उलट्या दिशेनेही साखळी ओढली जाते. जानेवारी 2026 मध्ये एका अंतराळवीराच्या प्रकृतीच्या कारणाने क्रू-11 चे चौघेही ठरल्यापेक्षा लवकर परतले. एकालाच आणता येत नाही, कारण तो ज्या यानाने येणार तेच बाकी तिघांची सुटकेची नाव असते. वर तिघंच उरले, सोयूझने गेलेले. त्यात एक अमेरिकन होता, कारण रशियन यानात एक अमेरिकन आणि अमेरिकन यानात एक रशियन बसवायचा रिवाज नेमका अशाच दिवसासाठी ठेवलेला आहे. परदेशी पाहुण्याचं आसन ही फक्त मैत्रीची गोष्ट नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

उतरण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे नियम सोपे आहेत आणि हवा अवघड. सोयूझ स्थानकापासून सुटल्यावर साधारण साडेतीन तासांत कझाकस्तानच्या गवताळ माळावर झेझकाझगानजवळ आपटतं. "उतरतं" म्हणायची पद्धत आहे. जमिनीपासून मीटरभर उरला असताना छोटी रॉकेटं पेटतात, तरी आतली माणसं तो धक्का विसरत नाहीत. माळ मोठा, वारा सोसतो, म्हणून सोयूझच्या परतीच्या तारखा फारशा हलत नाहीत. तुमच्या तक्त्यावर पेनने लिहायची हौस असेल तर ती एवढ्या एका ओळीला भागवा.

ड्रॅगन समुद्रात पडतं. तिथे वारा ताशी सोळाएक किलोमीटरच्या आत हवा, लाटा ठीक हव्यात, वीज-पाऊस नको, शिवाय मदतीची हेलिकॉप्टरं उडता यायला हवीत. क्रू-8 चे चौघे ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या आठवड्यापासून सामान बांधून बसले होते. मिल्टन चक्रीवादळ आणि त्यामागचा खवळलेला समुद्र यांमुळे 23 ला सुटले, 25 ला फ्लोरिडाजवळ पडले. 2025 पासून ड्रॅगन कॅलिफोर्नियाच्या बाजूला पॅसिफिकमध्ये उतरवतात. हवा तिकडे जास्त साथ देते हे एक. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. यानाच्या मागचा ट्रंक नावाचा भाग आधी अशा ठिकाणी सोडत की त्याचे तुकडे पुढे कधीतरी कुठेही पडत. ऑस्ट्रेलियातल्या आणि कॅनडातल्या शेतांत ते सापडले. आता ट्रंक परतीची इंजिनं चालवून झाल्यावर सुटतो आणि समुद्रातच जातो. शुक्लांचं यानही 14 जुलैला दुपारी 4:45 ला सुटून दुसऱ्या दिवशी 3:01 ला सॅन दिएगोजवळ असंच पडलं.

वेळा लिहिताना एक सांभाळा. फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं, आणि साडेदहाचे साडेनऊ मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतात. हे मला चांगलं माहीत असूनही एका मार्चमध्ये मी साडेदहा धरले, सोसायटीतल्या पंधरा-वीस जणांना आमच्या टीव्हीसमोर बोलावलं, चहा झाला, आणि पडद्यावर पॅराशूट गुंडाळून बोटीत चढवत होते. त्यानंतर मी सगळं आधी जागतिक वेळेत लिहितो आणि मग साडेपाच मिळवतो. स्थानकावरचं घड्याळही जागतिक वेळेवरच चालतं. तारखेचंही तसंच. क्रू-9 अमेरिकेत 18 मार्चला संध्याकाळी उतरलं, आपल्याकडे तेव्हा 19 च्या पहाटेचे 3:27 झाले होते. आणि तारखेआधी "नो अर्लियर दॅन" लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ "या दिवशी" असा घेऊ नका. "याच्या आधी नक्की नाही" एवढंच ते वचन आहे. फक्त महिना दिला असेल तर पेन्सिलही हलक्या हाताने टेकवा.

गच्चीवरून दिसतं का? स्थानक तर हमखास दिसतं, सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या दीडेक तासात, आकाश स्वच्छ असेल आणि फेरी आपल्यावरून असेल तेव्हा. शुक्राच्या तोडीचा, न लुकलुकणारा ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. पुढच्या फेरीला पृथ्वी सुमारे 23 अंश फिरलेली असते, म्हणजे साताऱ्याच्या अक्षांशावर चोवीसशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून एका संध्याकाळी सहसा एकच चांगली फेरी मिळते. तक्त्यावर जोडणी किंवा सुटका असलेला दिवस आणि ही फेरी जुळली, तर मुलांना त्याच वाटेवर दुसरा, बराच मंद ठिपका शोधायला सांगा. जोडणीच्या काही तास आधी यान खालून पाठलाग करत असतं, म्हणून ते स्थानकाच्या मागून येतं. सुटून काही तास झाले की ते खाली उतरून पुढे निघालेलं असतं. त्यामुळे मोठ्या ठिपक्याच्या मागे दिसला तर कुणीतरी येतंय, आणि पुढे दिसला तर कुणीतरी घरी चाललंय. आमच्या गच्चीवर हे मला दोनदाच जमलं, दोन्ही वेळा मंद ठिपका पुढे होता.